आठ ग्रहांवर चौसष्ट

ज्या वर्षी थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही पोरीच. एक अडीच किलोची, दुसरी दोनलाही थोडी कमी. घरचा धंदाच वजनकाटे दुरुस्त करायचा, त्यामुळे पोरींची नावं ठरायच्या आधी त्यांची वजनं सगळ्यांना पाठ झाली. आई बहिणीकडे राहायला गेली. त्याच सुमाराला बाबांचा गुडघा सुजून बसला आणि जिने चढायची सगळी बाहेरची कामं धाकटीच्या गळ्यात पडली. धाकटी चोवीस वर्षांची. अंगाने लहानखुरी, जीभ मात्र लांब. सगळा रस्ता तिला काटेवालीच म्हणायचा.

"विज्ञान केंद्रात तिसऱ्या मजल्यावर मोठा काटा अडकलाय. सोडवून ये," बाबा एवढंच म्हणाले. बाबांची सवयच ती. निम्मं सांगायचं आणि निम्मं पोटात ठेवायचं.

लिफ्ट बंद होती. हत्यारांची पिशवी घेऊन ती तीन मजले चढली. वरच्या दालनात कोणी नव्हतं. भिंतींना रंग लावायचं काम चाललेलं, सगळ्या पाट्या काढून कोपऱ्यात उलट्या ठेवलेल्या, ओल्या रंगाचा वास कोंदलेला. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता. आणि मधोमध ओळीने आठ उभे काटे, माणूस उभा राहून स्वतःला तोलतो तसले, तबकडी तोंडासमोर येईल इतके उंच.

यातला अडकलेला कुठला? सवयीने ती एकावर चढली. आपण सत्तेचाळीस भरतो हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक. सुई सरसर फिरली आणि एकशे एकोणीसवर जाऊन थांबली.

"अगं बाई!" ती खाली उतरली, फतकल मारून बसली आणि तिने काट्याची मागची झाकणी खोलली.

"अहो... अहो, थांबा! गुरूला हात लावू नका!"

दारात एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. दोन्ही हातांत चहाचे पेले, त्यातला एक घाईत निम्मा सांडलेला.

"कोणाच्या गुरूला?"

"तुम्ही ज्याचं पोट उघडून बसलाय, त्या."

"हा काटा सत्तेचाळीसच्या बाईला एकशे एकोणीस दाखवतो. पोट नाही उघडायचं तर काय मुका घ्यायचा त्याचा?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. तो मात्र इतका हसला की उरलेला चहाही सांडला.

"गुरू म्हणजे गुरू ग्रह हो. तुम्ही गुरूवर उभ्या होतात. तिथली ओढ आपल्या अडीचपट. तिथे गेलात तर एवढ्याच भराल. म्हणजे... उभं राहायला तिथे जमीनच नाही, नुसते ढग. पण ढगांच्या माथ्यावर काटा ठेवला असं समजा."

"म्हणजे हा मुद्दाम चुकीचा केलाय?"

"चुकीचा नाही. दुसऱ्या घरचा आहे." त्याने वाचलेला चहा तिच्यापुढे धरला. "अडकलाय तो शेजारचा. शनी."

तो त्या दालनात शाळेच्या पोरांना ग्रहांची माहिती सांगायच्या कामावर होता. वय अठ्ठावीस, पण पोरं त्याला ग्रहकाका म्हणत, आणि ते त्याला भारी झोंबायचं. त्या दिवशी त्याने काटेवालीला एकेका काट्यावर चढवलं. मंगळावर ती अठरा भरली. बुधावरही अठराच.

"हे कसं? बुध तर केवढासा."

"दिसायला केवढासा. आत मात्र सगळं लोखंड गच्च भरलंय. मंगळ त्याच्याहून मोठा, पण तितका भरीव नाही. म्हणून दोघं सारखंच ओढतात." मग बूट न्याहाळत त्याने हळूच जोडलं, "काही माणसंही असतात... बुधासारखी."

"आणि काही शनीसारखी असतील," ती म्हणाली. "एवढा मोठा घेर, वर कमरेला कडं. त्याची ओढ किती?"

"आपल्या पृथ्वीएवढीच. किंचित जास्त."

"म्हणजे नुसता थाट!"

शनीची सुई गंजून अडकली होती, ती अर्ध्या तासात सुटली. पण सुटलेला काटा खरं बोलतो की नाही हे ताडायला ठाऊक असलेलं वजन लागतं. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून लोखंडी वजनं आणली. वीस किलोची तीन, वर सुटी काही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो धावत खाली आला, एक वजन त्याने घेतलं आणि दहा पायऱ्यांत त्याला धाप लागली.

"तुम्ही... हे रोज उचलता?"

"नाही. रविवारी सुट्टी असते."

वजनं ठेवून, मागचे स्क्रू फिरवत तिने आठही काटे बरोबर लावले. मग गंमत म्हणून तो पृथ्वीच्या काट्यावर चढला. चौसष्ट. सुई जणू तिथेच जन्मली होती.

"शिक्षण संपल्यापासून एवढाच आहे मी," तो म्हणाला. "आई वाढून वाढून थकली. किलोभर इकडे नाही, किलोभर तिकडे नाही. पुढच्या महिन्यात ते लोखंड आणू नका, मला उभं करा. मी आपल्या पायांनी जिना चढतो, शिवाय गप्पाही मारतो. तुमचं लोखंड गप्पा मारतं का?"

केंद्राने दर महिन्याची तपासणी बाबांच्या दुकानाला दिली. पुढच्या महिन्यात काटेवाली गेली ती नुसती हत्यारांची पिशवी घेऊन. तो काट्यावर उभा राहायचा, ती मागे बसून स्क्रू फिरवायची. गुरूवर एकशे बासष्ट, शनीवर अडुसष्ट, बुधावर नि मंगळावर चोवीस-चोवीस. आकडे बरोबर आले की काम संपायचं. पण काम लवकर संपू नये म्हणून ती स्क्रू उगाच पुसत बसायची आणि तो उगाच दोनदा उभा राहायचा. एकदा मान वर न करता ती म्हणून गेली, "चौसष्ट, तो बारका पाना दे." अहो-जाहो तिथेच गळून पडलं. त्याने पाना दिला... आणि तिच्या तळहातावर ठेवलेली बोटं क्षणभर काढलीच नाहीत.

त्या दिवसापासून त्याचं नाव चौसष्ट पडलं.

"माणूस वजन म्हणून वापरायचा नसतो," बाबांनी दुकानात बसल्या बसल्या तिला ऐकवलं. "लोखंडाला भूक नसते, काळजी नसते. माणसाला सगळंच असतं."

"तो नाही बदलत, बाबा. मी सहा महिने बघतेय."

"काटा बघतेस की त्याला?"

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, काय ओळखायचं ते ओळखलं आणि पुन्हा तेलाच्या बुधलीत काडी बुडवली.

सातव्या महिन्यात चौसष्ट पृथ्वीवर उभा राहिला आणि सुई बासष्टच्या थोडी पुढे थांबली. शनीवर सहासष्ट. गुरूवर एकशे अठ्ठावन्न. बुधावर, मंगळावर अर्धा-पाऊण किलो कमी.

"उतरलेत सगळे," ती म्हणाली. "हवा दमट आहे. स्प्रिंगा आखडल्या असतील."

"मग?"

"मग काय, लावते पुन्हा. पण आता महिनाभर थांबून चालायचं नाही. पंधरा दिवसांनी यावं लागेल."

"अरेरे," चौसष्ट म्हणाला, आणि दोघांनाही हसू लपवता आलं नाही.

खरं तर तिथेच तिला कळायला हवं होतं. आठ काटे कधी एकाच दिवशी, एकाच मापाने बिघडतात? दुकानात कोणी असं सांगितलं असतं तर तिनेच त्याला वेड्यात काढलं असतं. पण पंधरा दिवसांनी यायला मिळणार होतं. आनंदात माणूस काटा तपासत नाही.

पंधरा दिवसांनी सुई पुन्हा खाली. तिने पुन्हा स्क्रू पिळला. त्यानंतर दर पंधरवड्याला तेच. दहा आठवड्यांत ती पाच वेळा गेली, आणि पाचही वेळा आठही काटे फिरवून तिने त्याला चौसष्टवर आणून ठेवलं. तो मध्येच खिडकीत टेकून उभा राहायचा. डबा तसाच परत न्यायचा. "पोरांनी डोकं खाल्लं आज, भूकच मेली," म्हणायचा. ती म्हणायची, "शनी लेकाचे! नुसता थाट." आणि तो हसायचा.

त्यातल्या पाचव्या खेपेला एका शाळेची सहल आली होती. काटेवाली कोपऱ्यात पिशवी आवरत होती. सहलीतली एक धीट मुलगी, वजन उचलायच्या स्पर्धेत उतरणारी, पृथ्वीच्या काट्यावर चढली आणि ठसक्यात म्हणाली, "ग्रहकाका, तुमची पृथ्वी खोटं बोलते."

"ऐकलंस का गं काटेवाली? पृथ्वीची बदनामी चाललीय."

"मी स्पर्धेची आहे, रोज सकाळी वजन करते," मुलगी हटेना. "आज अठ्ठेचाळीस भरले. इथे एक्कावन्नच्या वर दाखवतंय. तीन किलो काय मी बसमध्ये खाल्ले?"

सगळी पोरं हसली. चौसष्टही हसला. काटेवालीला मात्र हसू आलं नाही.

सहल गेल्यावर ती दुकानात गेली. तिने वजनं उचलली आणि दोन खेपांत तीन मजले चढवली. पृथ्वीच्या काट्यावर वीस, वीस आणि वीस ठेवले.

सुई चौसष्टवर थांबली.

साठ किलो लोखंड होतं, आणि काटा चौसष्ट म्हणत होता. तिने वजनं शनीवर नेली, मग गुरूवर, मग बुधावर. सगळीकडे साठाच्या जागी त्या त्या ग्रहावरचा चौसष्टाचाच आकडा. आठही काटे सारखेच खोटे होते, आणि ते तिच्याच हातांनी लावलेले होते.

ती सावकाश वळली. तो खिडकीशी उभा होता. आज पहिल्यांदा तिने त्याच्याकडे काट्याशिवाय पाहिलं. सदरा खांद्यांवरून ओघळलेला. गालफडं वर आलेली.

"पट्टा दाखव," ती म्हणाली.

"हे काय भलतंच..."

"दाखव म्हणते ना."

पट्ट्याला नवीन भोक होतं. खिळ्याने पाडलेलं, वेडंवाकडं. त्याच्या पलीकडे अजून एक.

"कधी पाडलंस?"

"झाले दोन महिने... मलाही वाटायचं गं अधूनमधून, की कपडे सैल होतायत. पोटात दुखायचं. पण दर पंधरा दिवसांनी तुझा काटा चौसष्टच म्हणायचा. म्हटलं, काटेवालीचा काटा आहे, खोटं बोलायचा नाही. मी तुझ्या काट्यावर विश्वास ठेवला."

"आणि मी तुझ्यावर," ती म्हणाली आणि लोखंडाशेजारी जमिनीवर बसली.

इस्पितळात त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई सरळ स्वभावाच्या होत्या. "जरा आधी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. कदाचित त्या सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. पण काटेवालीने ते शब्द घरी आणले, आणि ते तिच्या छातीवरून हलेनात. दहा आठवडे. तिने आपल्या हातांनी, स्क्रू पिळून, त्याचे दहा आठवडे गिळले होते.

बाबा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. बाबांनी फक्त तिच्या शेजारी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "जा, आधी काटे नीट लावून ये. कोणीतरी उद्या त्यांच्यावर उभं राहणार आहे."

तिने लावले. लोखंडाने, एकेक करून. रडत रडत लावले, पण बिनचूक लावले.

मग ती त्याच्या घरी गेली. त्याची आई दार उघडून आत निघून गेली आणि स्वयंपाकघरात भांडी उगाच वाजवत राहिली. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. इस्पितळाच्या काट्यावर आता छप्पन्न भरत होता.

"चौसष्ट म्हणू नकोस आता," तो म्हणाला. "खोटं पडतं."

"मी काय म्हणायचं ते मी ठरवीन." ती पलंगाच्या कडेवर बसली. "तू मला शिव्या का देत नाहीस रे? माझ्यामुळे..."

"गप. मी मोजलंय." त्याने तिचा हात ओढून घेतला. "त्या दहा आठवड्यांत तू पाच वेळा आलीस. काटे बरोबर असते तर दोनदाच आली असतीस. बाकीच्या तीन खेपा मला कोणी दिल्या असत्या?"

"जीव गेला असता का त्या तीन खेपांवाचून?"

बाहेर पावसाचं पाणी पत्र्यावर टपटपत होतं.

"पोरांना मी रोज सांगायचो," तो म्हणाला, "मंगळावर गेलात तर हलके व्हाल, पण तुमच्यातलं काही कमी होणार नाही. तुम्ही तेवढेच राहाल, फक्त ओढ कमी असेल. माझं उलटं झालंय बघ. मी कमी होत चाललोय... आणि ओढ आहे तेवढीच आहे. जरा जास्तच."

"नुसता थाट," ती कशीबशी म्हणाली.

"काटेवाली, मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. तू गुरूचा मुका घ्यायला निघाली होतीस ना, तेव्हापासून."

"मग लग्न कर माझ्याशी."

"वेडी आहेस का? किती दिवसांसाठी?"

"ते तू नको मोजूस. तुझ्या मोजण्यावर आता माझा भरवसा नाही."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

कचेरीत जाऊन दोघांनी सह्या केल्या. बाबांनी काठी टेकत येऊन साक्षीदार म्हणून सही केली. बहीण दोन्ही कडेवर एकेक पोर घेऊन आली. पोरी आता सात आणि साडेसात किलोच्या झाल्या होत्या. "एक इकडे दे," चौसष्ट म्हणाला. साडेसातची त्याच्या मांडीवर बसली. तो तिला पेलू शकला, याचाच त्याला दिवसभर आनंद होता.

चार-पाच महिने बरे गेले. औषधांनी त्याला ओकाऱ्या व्हायच्या, पण मधल्या दिवसांत तो चेष्टा करायचा, पेज प्यायचा, तिच्या हत्यारांना फडकं मारून द्यायचा. मग औषधं थांबली. डॉक्टरीणबाईंनीच थांबवली.

एके दिवशी सकाळी तो म्हणाला, "मला एकदा वर न्यायचं का? दालनात?"

"लिफ्ट बंद आहे."

"ती कधी चालू होती!"

रिक्षातून ती त्याला केंद्राच्या दाराशी घेऊन गेली. जिन्याच्या पायथ्याशी खाली वाकून म्हणाली, "चढ पाठीवर."

"लोक बघतील."

"बघू देत. मी लोखंड वाहते हे सगळ्यांना ठाऊक आहे."

त्याने तिच्या गळ्याभोवती हात टाकले. ती उठली आणि पायरी पायरी चढू लागली. त्याचा श्वास तिच्या कानाशी लागत होता. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे एकदा त्याला धाप लागली होती, तिथे ती थांबली. खाली ठेवलं नाही तिने त्याला. नुसती थांबली.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

"काय?"

"तू. चव्वेचाळीस भरतोस."

वर पोहोचल्यावर तिने त्याला पृथ्वीच्या काट्यावर उभं केलं. तो तबकडीच्या दांड्याला धरून उभा राहिला, मग हात सोडले. सुई हलली, थरथरली आणि चव्वेचाळीसवर थांबली. तिळभर इकडे नाही, तिळभर तिकडे नाही.

"काटेवाली," तो हळूच म्हणाला, "चुकत नाहीस गं तू."

त्या एका वाक्यासाठी तो एवढा वर आला होता, हे तिला तेव्हा कळलं. छातीवरचं ओझं गेलं असं नाही. पण त्याच्याखाली श्वास घेता येईल एवढी जागा झाली.

"गुरूवर चल," तो म्हणाला. गुरूवर तो एकशे अकरा भरला. "बघ. अजून भारदस्त आहे." मग बुधावर तो पाठीमागे टेकून उभा राहिला, ती त्याला धरून त्याच काट्यावर चढली, आणि दोघांच्या मिळून जो आकडा आला तो दोघांपैकी कोणीच वाचला नाही. खिडकीतून पावसानंतरचं ऊन आत आलं होतं. त्याचं कपाळ तिच्या खांद्यावर होतं.

उतरताना तिने त्याला पुन्हा पाठीवर घेतलं.

काटेवाली अजून दर महिन्याला ते आठ काटे लावते. दोन खेपांत लोखंड वर नेते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थोडी थांबते.

जुळ्या पोरी दीड वर्षाच्या झाल्या, त्याच महिन्याच्या नऊ तारखेला, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला चौसष्ट घरीच गेला. वय एकोणतीस. त्याची आई पायाशी होती, काटेवाली उशाशी.